निळूभाऊ फुले : पडद्यावरचा चेअरमन, बागेतला माळी



या पानावर दर अंकी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त, ठिबकची देखभाल असेच विषय घेऊन येत असतो. गेल्या महिन्यात गट ऑफिसात बसलो असता एका जुन्या सभासदांनी तोंडावरच सांगितले, "साहेब, तुमचं पान आम्ही वाचतो. पण खताचा डोस आता पाठ झाला. एखाद्या वेळी दुसरं काहीतरी लिवा की!"

त्याच सुमारास टीव्हीवर 'सामना' हा जुना चित्रपट लागून गेला होता आणि गट ऑफिसात त्याचीच चर्चा होती. एक तरुण सभासद म्हणाला, "काही म्हणा, साखर कारखान्याचा चेअरमन म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं निळू फुलेच येतो." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना गाडीवर मनात विचार आला, की ज्या माणसाच्या चेहऱ्याने अवघ्या महाराष्ट्राला वाईट चेअरमन कसा असतो ते दाखवले, तो माणूस स्वतः कोण होता, कसा होता, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? म्हणून हा लेख. खताचा डोस पुढच्या अंकी.

एक खुलासा आधीच करतो. हा लेख कोणाला उद्देशून नाही. तरी कोणाला टोपी बसलीच, तर ती आमच्याही डोक्याला एकदा बसून गेली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

ऐंशी रुपये पगार, दहा रुपये सेवा दलाला

निळूभाऊंचे पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३० सालचा, पुण्याचा. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. वडील लोखंडी सामान आणि भाजीपाला विकून संसार ओढीत. अशा घरातल्या पोराला जे करावे लागते तेच निळूभाऊंना करावे लागले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आणि वयाच्या सतराव्या वर्षी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून कामाला लागले.

होय, माळी. ज्याला आपण पडद्यावर वाड्याच्या ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेला पाहिला, तो माणूस उमेदीच्या वर्षांत वाफे खुरपत होता, रोपांना पाणी घालीत होता. पगार महिना ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये ते दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला देत. आठ रुपयांतला एक! आमच्या माहितीत बागायतदार पुष्कळ आहेत, पण बिलातला आठवा हिस्सा दर हंगामात कोणा सार्वजनिक कामाला देणारा अजून भेटला नाही. आम्हीही दिलेला नाही.

स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांचे स्वप्न होते. भांडवल जमले नाही, ते स्वप्न राहून गेले. आम्ही शेतकीचे माणूस असल्यामुळे आम्हाला या गोष्टीचे फार वाटते. रोपवाटिका चालवणाऱ्याच्या अंगी एक गुण असावाच लागतो, तो म्हणजे घाई न करण्याचा. बी टाकले की उकरून बघता येत नाही. निळूभाऊंचा अभिनय ज्यांनी नीट पाहिला आहे त्यांना पटेल, की हा माणूस पडद्यावरही कधी घाई करीत नसे. समोरचा बोलून संपला तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी खाली बघत, टोपी जरा सारखी करीत, आणि मग डोळे तेवढे वर उचलीत. तोवर बघणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू झालेली असे.

वगातला सोंगाड्या

सेवा दलात नुसती कवायत नव्हती, कलापथकही होते. गावोगाव जाऊन लोकनाट्यातून लोकांना शहाणे करायचे, हसवता हसवता चिमटा काढायचा, असे त्या कलापथकाचे काम. निळूभाऊ या कलापथकात तयार झाले. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी त्यांनी स्वतः 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिले. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मधील त्यांचा रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. आणि मग आले शंकर पाटलांचे 'कथा अकलेच्या कांद्याची'. या वगाने निळूभाऊंचे नाव घरोघर नेले. त्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले असे सांगतात.

दोन हजार प्रयोग म्हणजे काय, याचा जरा हिशेब करून पाहा. रोज एक म्हटला तरी साडेपाच वर्षे होतात. गावागावांतले चावडीपुढचे पटांगण, जत्रेतला मांडव, धुरळा, गॅसबत्तीचा उजेड, पुढे बसलेली पोरे, मागे उभे राहिलेले पैलवान. वगात लिहिलेले तेवढेच बोलून भागत नाही. गावात त्या दिवशी जे घडले असेल ते पकडून जागच्या जागी बोलावे लागते. पाटलाकडे बघून बोललेले पाटलाला झोंबले पाहिजे, पण त्याला हसावेही लागले पाहिजे. निळूभाऊंनी आपल्या खेड्याचा अभ्यास केला तो असा. पुढे पडद्यावर त्यांनी जे पाटील, सरपंच, सावकार उभे केले ते या हजारो रात्रींत समोर बसलेले त्यांनी पाहिले असणार. पाटील कसा बसतो, पंचा कसा झटकतो, नको असलेल्या माणसाला "या, बसा" कसे म्हणतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना चित्रपटात आणले. १९६८ सालच्या 'एक गाव बारा भानगडी' मधला त्यांचा झेलेअण्णा लोकांनी उचलून धरला. त्या वेळी निळूभाऊ अडतीस वर्षांचे होते. नायक होण्याचे वय निघून गेले होते, आणि चेहराही नायकाचा नव्हता. पण मराठी चित्रपटाला त्यांच्या रूपाने असा नट मिळाला, की पुढची कैक वर्षे नायक बदलत गेले आणि निळूभाऊ कायम राहिले. 'सोंगाड्या' (१९७१), शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) आणि नंतर एकामागून एक. आयुष्यात शंभराहून जास्त चित्रपट त्यांनी केले.

आमच्या आजीचा राग

आम्ही चौथी-पाचवीत असतानाची गोष्ट. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. पडद्यावर निळूभाऊ एका गरीब बाईच्या दाराशी उभे राहून गोड गोड बोलत होते. आमची आजी उठून उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "मुडद्या, तुझ्या घरात आयाबहिनी न्हाईत व्हय रं?" तंबूत हशा पिकला. आजी मात्र हसली नाही. घरी येईपर्यंत ती त्यांच्या नावाने बोटे मोडीत होती.

आमच्या आजीसारख्या हजारो होत्या. खेड्यापाड्यांतल्या बायका निळूभाऊंना खरोखरच तसा माणूस समजत आणि शिव्याशाप देत. नटाला याहून मोठी पावती नाही, असे शहरातले लोक म्हणतात. ते खरेच. पण आम्हाला आता वाटते, आजी काही अडाणी नव्हती. तिने तसे माणूस पाहिलेले होते. ती निळूभाऊंवर रागावलेली नव्हतीच. जो राग गावात बोलून दाखवायची सोय नव्हती, तो तिने तंबूतल्या अंधारात बोलून घेतला. निळूभाऊंनी स्वतःचा चेहरा पुढे करून तिला तेवढी जागा करून दिली. खऱ्या आयुष्यात साधा, मृदू, निगर्वी असलेला माणूस आयुष्यभर लोकांचा राग अंगावर घेत राहिला. हे सोपे काम नाही.

रंगभूमीवर तर त्यांनी याहून मोठे वादळ अंगावर घेतले. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणले. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, तोंडाळ, दारूडा, पण आपण करतो ते उघड करतो अशी घमेंड बाळगणारा बुकबाइंडर सखाराम म्हणजे निळूभाऊ. नाटकावर परीनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सारंगांनी ते जिंकले. वगातला गावरान नट म्हणून ज्यांना काहीजण हलके लेखत होते, त्यांनी मराठी नाटकातली एक अत्यंत अवघड भूमिका पेलून दाखवली.

'सामना' : दोन डॉक्टर आणि एक माळी

आता आपल्या विषयाकडे येतो. सहकारी साखर कारखाना ही या राज्यातल्या शेतकऱ्याने उभी केलेली मोठी गोष्ट आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेला १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. सावकाराच्या आणि गुऱ्हाळाच्या दारात उभा राहणारा कुणबी कारखान्याचा मालक झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कारखान्याभोवती बँक आली, शाळा-कॉलेज आले, दूध संघ आला. सत्ताही आली. आणि सत्ता आली की तिच्याबरोबर जे येते, तेही आले.

नेमक्या त्या वेळी, १९७४-७५ च्या सुमारास, 'सामना' आला. निर्माते कवी रामदास फुटाणे, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. डॉ. पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्यात दारूच्या आहारी गेलेला, गांधींच्या काळचे संस्कार असलेला मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू, तेही मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर. आणि कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले निळूभाऊ. दोन डॉक्टरांनी आणि एका माळ्याने मिळून आपल्या भागाची नाडी पाहिली, असे म्हणायला हरकत नाही. १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातही हा चित्रपट गेला.

कथा थोडक्यात अशी. हिंदुरावांच्या गावात एक भणंग, दारूडा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला उचलून वाड्यावर आणतात, खाऊ-पिऊ घालतात. सगळा गाव मुठीत असलेल्या माणसाला या एका माणसाचे कुतूहल वाटते. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. या मारुती कांबळेचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारू लागतो. वाड्यावर विचारतो, रस्त्यावर विचारतो, गप्प बसा म्हटले तरी विचारतो. अंगात बळ नाही, हातात सत्ता नाही, पायात धड चप्पल नाही. पण त्या एका प्रश्नाने हिंदुरावांच्या झोपेचे खोबरे होते.

निळूभाऊंचे हिंदुराव ओरडत नाहीत, चाबूक उगारीत नाहीत. ते अगत्यशील आहेत, कर्तबगार आहेत, माळावर त्यांनी बागायत उभी केली आहे. कोणालाही जवळ बसवून घेतील असे आहेत. बघता बघता आपल्यालाही ते आवडू लागतात, आणि तिथेच पोटात गोळा येतो. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर लाल कूज या रोगाचे देता येईल. या रोगाचा ऊस सुरुवातीला बाहेरून धडधाकट दिसतो. कोयत्याने उभा चिरला तरच आत लाल भाग, त्यावर आडवे पांढरट पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास येतो. निळूभाऊंनी हिंदुराव असा उभा चिरून दाखवला. पुष्कळ नटांनी खलनायक करताना रोग बाहेरच रंगवला. निळूभाऊंनी पाने हिरवीच ठेवली.

आमचे वडील कारखान्याचे सभासद. ते सांगत, की 'सामना' आला तेव्हा जो तो "हा आपला नव्हे, पलीकडच्या तालुक्यातला" असे म्हणत असे. पलीकडच्या तालुक्यातलेही तेच म्हणत असत.

आमच्या रजिस्टरातला मारुती

वर कबूल केल्याप्रमाणे आता आमची हकीकत. कारखाना दुसरा होता, त्याचे नाव घेत नाही. आम्ही डिप्लोमा करून नुकते शेतकी खात्यात लागलो होतो. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लावायचा, हा नियम. एके दिवशी वरून निरोप आला, की अमुक एका वजनदार माणसाचा ऊस आधी उचलायचा आहे, तेव्हा त्यांची लागणीची तारीख जरा अलीकडची झाली आहे ती 'दुरुस्त' करून घ्या. आम्ही दुरुस्त केली. म्हणजे पेनाने एक आकडा बदलला, एवढेच.

टोळी तिकडे गेली. ज्यांचा नंबर मागे सरकला, त्यांत एका म्हाताऱ्या सभासदाचा एकरभर आडसाली ऊस होता. त्याला तोड मिळायला दीड महिना जास्त लागला. तोवर उसाला तुरे आले, कांड्यांत दशी पडली, वजनात मार बसला. म्हातारा गट ऑफिसात आला. भांडला नाही. समोर उभा राहून एवढेच म्हणाला, "सायेब, माझ्या तारखेचं काय झालं?"

आम्ही त्यांना टोळ्यांची टंचाई, मुकादमाची उचल, गाड्यांची अडचण असे काहीबाही सांगितले. ते निमूट ऐकून निघून गेले. पुढे एकदा 'सामना' पुन्हा पाहण्यात आला आणि मास्तर प्रश्न विचारू लागला, तेव्हा आम्हाला पडद्यावर मास्तर दिसेना, तो म्हातारा दिसू लागला. आणि हिंदुरावांच्या मागे हात बांधून उभी असलेली जी माणसे असतात, त्यांत आम्ही स्वतःला पाहिले. हिंदुराव काही एकटे हिंदुराव होत नाहीत. त्यांना आकडा बदलणारा लागतो, चिठ्ठी देणारा लागतो, आणि सभेत "मंजूर, मंजूर" म्हणणारेही लागतात.

त्या दिवसापासून रजिस्टरातल्या तारखेवर आम्ही पेन फिरवलेले नाही. यात फुशारकी नाही. म्हाताऱ्याचे नुकसान त्याने भरून आले नाही.

मुखवट्यामागचा माणूस

निळूभाऊंना फक्त पाटीलच जमत असे, असा काहींचा समज आहे. त्यांनी 'सिंहासन' (१९७९) पाहावा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. त्यात निळूभाऊ आहेत पत्रकार दिगू टिपणीस. मंत्रालयात काय शिजते ते सगळे बघणारा आणि काहीच करू न शकणारा. शेवटी त्याच्या मनाचा तोल जातो. वाड्यावरचा तोच चेहरा, पण पाटीलकीचा मागमूस नाही. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात तर ते झाले सत्तेवर बसलेल्या मुलाच्या विरोधात उभे राहणारे म्हातारे गांधीवादी आप्पाजी. हिंदीतही 'कुली' (१९८३), 'सारांश' (१९८४) अशा चित्रपटांतून ते देशभर दिसले. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

पण सेवा दलाला दहा रुपये देणारा माळी नाव-पैसा मिळाल्यावरही तसाच राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचे ठरले, तेव्हा डॉ. लागू, निळूभाऊ आणि इतर नामवंत नटमंडळींनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग गावोगाव करून पैसा जमवला. पडद्यावर एकमेकांचा सामना करणारे हिंदुराव आणि मास्तर प्रत्यक्षात एकाच बाजूने उभे होते, हे सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निघालेल्या 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' (२००९) या चित्रपटातले काम त्यांच्या अखेरच्या कामांपैकी ठरले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आमची आजी तोवर थकली होती. बातमी सांगितली तर क्षणभर गप्प राहिली, आणि म्हणाली, "चांगला व्हता रं बिचारा." मग थोड्या वेळाने, "पर त्यो पाटील न्हवं हां."

आजीला नट आणि पाटील वेगळे कळत होते ते असे.

जाता जाता

सहकारात शेअर कितीही असले तरी मत एकच असते. एका सभासदाला एक मत, आणि माझ्या मते एक प्रश्नही. वार्षिक सभेची नोटीस येते, अहवाल येतो, तो पुष्कळांच्या घरी पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला जातो. तसे करू नका. वाचा, समजले नाही तर विचारा. विचारणारा माणूस कारखान्याचा वैरी नसतो. सरळ कारभार करणाऱ्याला प्रश्नाचे ओझे वाटत नाही.

आणि शेवटी आमचे नेहमीचे काम. लागण झाली की लगेच गट ऑफिसला नोंद करा. तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि उसाची जात स्वतः वाचून मगच सही करा, पोच मागून घ्या आणि ती जपून ठेवा. लिहिता-वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर आणा. पुढे तोड मागे-पुढे झाली असे वाटले, तर ती पोच घेऊन सरळ आमच्या टेबलापाशी या आणि विचारा, "साहेब, माझ्या तारखेचं काय झालं?"

उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक आहे.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग